मारका की गरीब?

आमच्या धामणगाव बढ्यात दारात नवं जनावर आलं की लोक आधी त्याचा स्वभाव विचारतात, किंमत मागाहून. बैल मारका आहे, बुजरा आहे, लाथाळ आहे, अंगचोर आहे की गरीब आहे, या पाच खान्यांत मोताळा तालुक्यातली सगळी गुरं बसतात. माणसंही बसतात, पण ती चर्चा पारावर करायची असते, छापायची नसते. बाजारात दलाल रुमालाखाली बोटं धरून भाव करतो, तेव्हा घेणारा मात्र बैलाच्या डोळ्यांकडे बघत असतो. भाव बोटांत, स्वभाव डोळ्यांत.

ट्रॅक्टर आल्यापासून ही विद्या बेकार झाली. ट्रॅक्टरला स्वभाव नसतो, हप्ता असतो. पोळ्याला तोरणाखाली उभे राहणारे बैल दरवर्षी कमी होतात आणि त्यांच्यावर मत देणारे तितकेच राहतात. एकेका बैलाच्या वाट्याला आता तीस-चाळीस तज्ज्ञ येत असतील. बिचारा बैल जागच्या जागी बुजरा होतो.

अशा या बेकार तज्ज्ञांच्या गावात एका दिवाळीला माझा भाचा पुण्याहून टॅरेंटुला घेऊन आला.

कोळी त्याचा नव्हता. त्याच्या खोलीतल्या दुसऱ्या मुलाचा होता. त्या मुलाच्या आईने फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, की सुट्टीत एक तर तू घरी ये, नाही तर तो किडा येऊ दे. म्हणून आमच्या भाच्याने पालकत्व पत्करलं. महाराष्ट्र एक्स्प्रेसने मलकापूर आणि पुढे एसटी, असा प्रवास त्या कोळिणीने मांडीवरच्या प्लास्टिकच्या डब्यात केला. कंडक्टरने डब्यात काय आहे विचारलं, तर भाचा म्हणाला, "फराळ." पुण्याचा फराळ धामणगावात येतोय हे ऐकून कंडक्टरला दुसरं काही विचारायचं सुचलंच नाही.

डबा ओसरीवर उघडला. उघडला म्हणजे वरचा टॉवेल काढला. झाकण काढायला माय तयार नव्हती. आत नारळाच्या काथ्याचा भुसा, अर्धी करवंटी, बाटलीच्या झाकणात पाणी, आणि करवंटीच्या तोंडाशी तळहाताएवढी, तपकिरी, अंगभर केस असलेली आणि केसांवर हलकीशी गुलाबी झाक असलेली कोळीण. चिलीयन रोझ म्हणतात तिला, शास्त्रातलं नाव ग्रामोस्टोला रोझिया. दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशातली, कोरड्या भागात बिळात राहणारी. सोबत त्या मुलाने एक कागद दिला होता. त्यावर खाणं, पाणी, तापमान वगैरे लिहून शेवटी लिहिलं होतं, "स्वभाव शांत. कधी कधी लहर फिरते."

आबांनी चष्मा लावला आणि डब्याभोवती एक फेरी मारली. "दाती किती?"

गुरांच्या बाजारात वय दातांवर ठरतं. आदत, दोनदाती, चारदाती, सहादाती आणि मग जुळलेला. भाचा कागद बघून म्हणाला, "आबा, दोनच असतात."

"म्हंजे दोनदाती. जवान हाये."

आबांचं गणित चुकलं तरी निरीक्षण बरोबर होतं. टॅरेंटुलाला खरोखर दोनच मोठे विषदंत असतात. घरातल्या साध्या कोळ्याचे दंत चिमट्यासारखे समोरासमोर मिटतात, हिचे वरून खाली उतरतात. वय मात्र त्यावरून कळत नाही. या जातीची मादी पंधरा-वीस वर्षं सहज जगते. नर वयात आला, मादी शोधली, की त्याचा खेळ साधारण वर्षभरात आटोपतो. हे ऐकून ओसरीवरच्या सगळ्या पुरुषांनी एकदम विषय बदलला.

दुसऱ्या दिवसापासून गाव लोटलं. बैल विकून बसलेल्या मंडळींना किती तरी दिवसांनी मत द्यायला जनावर मिळालं होतं. पहिला आला तो म्हणाला बुजरी आहे, कारण त्याने डब्यावर टिचकी मारली आणि ती करवंटीत शिरली. दुसरा म्हणाला मारकी आहे, कारण त्यानेही टिचकी मारली आणि तिने पुढचे पाय उचलले. तिसरा शहाणा होता, त्याने टिचकी मारलीच नाही. नुसता तासभर बसून राहिला. तीही बसून राहिली. चहा पिऊन उठताना त्याने निकाल दिला, "अंगचोर हाये. इच्याच्यानं काम होनार नाही."

कोणतं काम, हे कोणी विचारलं नाही. पण अंगचोर या शेऱ्याला जगभरचा दुजोरा आहे. परदेशात हौसेने कोळी पाळणारे चिलीयन रोझला 'पाळीव दगड' म्हणतात. सावजाच्या मागे धावणं या कुळाच्या रक्तात नाही. बिळाच्या तोंडाशी बसायचं आणि जेवण स्वतःच्या पायांनी चालत येईल याची वाट बघायची. शरीराचा खर्चच इतका कमी, की महिनोन्महिने उपाशी राहून काही बिघडत नाही. वर्षभर काही न खाल्लेल्या चिलीयन रोझ धडधाकट राहिल्याचे अनुभव पाळणारे सांगतात. (आमच्याकडे उपोषणाला बसणाऱ्यांना तिसऱ्या दिवशी सलाईन लागतं.)

खरी गंमत काकड्याची. कार्तिक महिना, पहाटे देवळात काकडा. आमच्या घराच्या भिंतीपलीकडे देऊळ आणि देवळावर भोंगा. पखवाजावर थाप पडली की कोळिणीने पुढचे दोन्ही पाय वर उचलायचे आणि तसंच थांबायचं. मायने हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिने हातातला तांब्या खाली ठेवला.

"पाय ना बापा, कसा नमस्कार करते!"

झालं. संध्याकाळपर्यंत देवळातले विणेकरी येऊन दर्शन घेऊन गेले. पूर्वजन्मीचा वारकरी असावा, एवढ्यावर मत स्थिरावलं. चिलीत वारकरी कसा, या प्रश्नावर एका म्हाताऱ्याने "विठ्ठल सगळीकडं हाये" असं उत्तर दिलं, आणि ते खोडायची कोणाची छाती नव्हती. दुसऱ्याला तिच्याकडून यंदाच्या पावसाचा अंदाज हवा होता. त्याला आबांनी सुनावलं, की त्यासाठी आपल्या जिल्ह्यात भेंडवळची घटमांडणी आहे आणि ती अक्षय तृतीयेला असते, दिवाळीला नाही.

भाच्याने खरं काय ते सांगायचा प्रयत्न केला. तिला आठ डोळे आहेत, पण सगळे मिळून उजेड-अंधार आणि थोडी हालचाल याच्यापलीकडे त्यांना फारसं काही दिसत नाही. कान नाहीतच. जग कळतं ते पायांवरच्या केसांतून आणि कातडीतल्या बारीक चिरांतून, म्हणजे हवेच्या आणि जमिनीच्या थरथरीतून. पखवाज, ट्रॅक्टर, पिठाची गिरणी आणि मामांची शिंक यांत तिला कसलाही फरक वाटत नाही. सगळ्यांचा अर्थ एकच: मोठं काही तरी जवळ आलं आहे. मग ती पुढचे पाय वर करून दंत दाखवते. तो नमस्कार नव्हे, शेवटची नोटीस आहे.

माय म्हणाली, "असू दे. देवापुढं बी लोक काय मनात घेऊन उभे राह्यतात ते का आपल्याले ठाऊक हाये?"

या नोटिशीनंतर काय होतं ते कुठल्या खंडातली कोळीण आहे त्यावर अवलंबून. अमेरिका खंडातल्या बहुतेक टॅरेंटुला आधी चावत नाहीत. मागचे पाय पोटावर घासून तिथले बारीक काटेरी केस समोरच्यावर उडवतात. कातडीला लागले तर खाज, डोळ्यात गेले तर दवाखाना. इंग्लंडमधल्या लीड्स शहरात एक माणूस आपल्या चिलीयन रोझची काचेची पेटी साफ करत होता. तिने मागून केसांचा फवारा मारला आणि त्याचा डोळा काही आठवडे लाल राहिला. शेवटी डॉक्टरांना बुब्बुळावरच्या पारदर्शक पडद्यात रुतलेले केस सापडले आणि 2010 च्या जानेवारीत ही हकिगत 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आली. कागदावर तिचाही स्वभाव 'शांत'च लिहिलेला असणार.

"म्हंजे खाजकुयरीच की," माय म्हणाली आणि तिने ओसरी झाडायचं काम त्या दिवसापासून भाच्याकडे दिलं.

आपल्याकडच्या टॅरेंटुलांना हे केस नाहीत. त्यामुळे मधली पायरी वगळून प्रकरण थेट चावण्यावर येतं, आणि त्या पळतातही विजेसारख्या. महाराष्ट्रातल्या जंगलांत झाडांच्या ढोलीत राहणारी पीसिलोथेरिया रीगॅलिस नावाची देखणी जात आहे. अंगावर राखाडी-पांढरी नक्षी, पायांखाली पिवळे पट्टे. या कुळातली कोळीण चावली तर माणूस मरत नाही. टॅरेंटुलाच्या विषाने माणूस दगावल्याची खात्रीशीर नोंद नाही. पण स्नायूंत असे गोळे येतात, की काही दिवसांनी पुन्हा उठून त्रास देतात. चिलोब्राकिस नावाच्या बिळात राहणाऱ्या जाती चिडल्या की तोंडाजवळचे कडक केस एकमेकांवर घासून फुसफुस आवाज काढतात. आसामातल्या अशा एका कोळ्याची नोंद वुड-मेसन या शास्त्रज्ञाने 1870 च्या दशकातच केली होती. कोळी आवाज करतो यावर तेव्हाही ओसरीवरच्या लोकांनी विश्वास ठेवला नसेल.

स्वभावाचे शेरे मारण्यात साहेबही मागे नव्हते. लंडनच्या संग्रहालयात काम करणाऱ्या पोकॉक यांनी 1899 मध्ये भारतातल्या कितीतरी टॅरेंटुलांना शास्त्रीय नावं दिली. पश्चिम घाटातल्या एकीचं नाव ठेवलं थ्रिग्मोपिअस ट्रुक्युलेंटस, म्हणजे उघडउघड 'भांडकुदळ'. समोर नमुना मेलेला, बाटलीत, स्पिरिटमध्ये. मेल्यावरही जिची भांडकुदळ म्हणून नोंद झाली, अशी आमच्या गावात एकच आजी होऊन गेली.

त्याच वर्षी त्याच पोकॉक यांनी आंध्रातल्या गुत्ती इथल्या रेल्वेच्या लाकूडवखारीत सापडलेल्या एका कोळिणीला पीसिलोथेरिया मेटॅलिका हे नाव दिलं. रंग मोरासारखा निळा. त्यानंतर शंभर वर्षं ती कोणाला दिसली नाही. 2001 मध्ये नंद्याल आणि गिद्दलूरच्या मधल्या जंगलात पुन्हा सापडली. आज ती अतिसंकटग्रस्त आहे, जंगलाच्या एका छोट्या तुकड्यात उरली आहे. आणि युरोप-अमेरिकेत मात्र घरोघरी काचेच्या पेट्यांत तिची पिल्लावळ नांदते. तिकडची चिली सोडून आमच्या ओसरीवर, इकडची आंध्र सोडून जर्मनांच्या दिवाणखान्यात. लग्नं जशी हल्ली लांबलांबच्या स्थळांशी होतात तसंच हेही.

कोळिणीच्या मालकाचा, त्या मुलाचा, रोज रात्री व्हिडिओ कॉल यायचा. भाच्याने फोन डब्यापुढे धरायचा आणि तिकडून तो हाका मारायचा. ती जागची हलायची नाही. "बघ, माझा आवाज ऐकला की कशी शांत होते!" असं तो म्हणायचा. मला त्याची दया यायची. एक तर तिला कान नाहीत हे आम्हाला आता गावभर ठाऊक झालं होतं. दुसरं म्हणजे फोन यायच्या आधीही ती तितकीच शांत होती. पाळणारे म्हणतात, ती आम्हाला ओळखते, हातावर प्रेमाने चालते. हातावर ती चालते हे खरं; पण हात तिच्या वाटेत आलेला असतो म्हणून. तिच्या लेखी तो जरा ऊबदार दगड. आणि या लाडात जोखीम सगळी तिची असते. तिचं पोट इतकं नाजूक, की हातभर उंचीवरून पडली तरी फुटू शकतं. म्हणून जाणती माणसं तिला हातात घेतच नाहीत. पेटीपाशी खुर्ची टाकून बघत बसतात. बघणं हाच तो छंद आहे, आणि खरं सांगायचं तर धामणगावात तो नवा नाही.

मग तिने खाणं सोडलं. गल्लीतली पोरं हौसेने शेतातून नाकतोडे धरून आणत. भाचा ते घ्यायचा नाही, कारण कपाशीवर फवारणी झालेली. त्या शेतातला नाकतोडा खाऊन कोळीण मरायची. तो घरामागच्या ढिगाऱ्यातले रातकिडे शोधायचा. पण तिने त्यांच्याकडेही पाठ फिरवली. एक रातकिडा तर रात्रभर तिच्या पाठीवर बसून गात होता.

यावर निदानं आली. पोरं म्हणाली, तिला पुण्याची आठवण येते. विणेकरी म्हणाले, कार्तिक महिना पाळते. आबा म्हणाले, दावणीला बांधलेलं जनावर दोन दिवस वैरणीला तोंड लावत नाही, होईल सरळ. काका म्हणाले, हे सगळं राहू द्या, पोलीस स्टेशनात कळवलं आहे का? त्यांनी कुठे तरी वाचलं होतं, की 2021 च्या जुलैमध्ये चेन्नईच्या कस्टमवाल्यांनी पोलंडहून आलेलं एक पार्सल उघडलं तर आत चांदीच्या वर्खासारखा कागद आणि कापूस गुंडाळलेल्या बाटल्यांत 107 जिवंत कोळी निघाले. काकांची शंका अगदीच वेडगळ नव्हती. आपली पीसिलोथेरियाची सगळी प्रजाती 2019 पासून सायटीस या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे. मेक्सिकोची लाल गुडघ्यांची टॅरेंटुला तर 1985 पासूनच. वन्यजीव कायद्यात 2022 मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर या यादीतले जिवंत प्राणी बाळगणाऱ्याला सरकारकडे नोंदणी करावी लागते. हे ऐकल्यावर भाचा त्या रात्री फारसा जेवला नाही. मग कोळिणीबरोबर त्याचंही निदान सुरू झालं.

मायचं मत मात्र ठाम होतं. एवढं गाव बघून गेलं, नजर लागली. ती मीठ-मोहऱ्या आणि मिरच्या घेऊन आली तेव्हा भाचा डब्यावर आडवा पडला. कोळ्याला फुप्फुसं असतात, पुस्तकाच्या पानांसारखी एकावर एक. मिरचीचा धूर त्यात गेला तर नजर उतरेल, पण कोळीणही उतरेल. शेवटी तडजोड अशी झाली, की दृष्ट भाच्याची काढायची आणि ती अंगणात.

एका सकाळी ती डब्यात उताणी पडलेली दिसली. आठही पाय वर.

आबांनी टोपी काढली. "गेलं जनावर."

कोणी तरी म्हणालं, परड्यात पुरू. माय म्हणाली, तुळशीपाशी नको. ज्याने तिला अंगचोर म्हटलं होतं तो आता, "लई गरीब होती बिचारी," म्हणायला लागला. मेल्यावर सगळेच गरीब होतात. एका पोराने काडीने ढोसायला हात पुढे केला, तेवढ्यात भाचा आतून ओरडत आला, "कोणी हात लावू नका! ती कात टाकते आहे!"

टॅरेंटुला मरताना उताणी पडत नाही. तिच्या पायांत ते बाहेर ताणणारे पुरेसे स्नायूच नाहीत. निळ्या रंगाच्या रक्ताचा दाब चढवून ती पाय लांब करते. म्हणून मरताना दाब गेला की पाय आत वळतात आणि ती उभ्याची खाली मुठीसारखी मिटते. उताणी, पाय पसरून पडली तर समजायचं की कात टाकायला निवांत आडवी झाली आहे. त्या वेळी तिला हलवणं, फुंकर घालणं, रातकिडा आत सोडणं, काहीही करायचं नसतं. अंग इतकं मऊ असतं, की रातकिडासुद्धा तिला कुरतडून मारू शकतो.

ओसरीवर पंधरा-वीस माणसं बिनआवाज बसली. धामणगावात एवढी शांतता मी निकालाच्या दिवशीही पाहिली नाही. काही तासांनी पाठीवरचं कवच झाकणासारखं सुटलं आणि ती हळूहळू एकेक पाय मोज्यातून काढावा तसा बाहेर ओढू लागली. दुपारी डब्यात दोन कोळिणी होत्या. एक जुनी, पोकळ. दुसरी नवी, गुलाबी रंग तिच्यावर आता खरोखर दिसत होता.

"एकाच्या दोन झाल्या!" म्हणत पोरं गावभर पळाली, आणि नंतर आलेल्या लोकांना व्याली असंच सांगण्यात आलं.

चार-पाच दिवसांनी, नवी कोळीण टणक झाल्यावर, भाच्याने जुनी कात चिमट्याने बाहेर काढली. आबांनी ती उन्हात धरली. त्यात विषदंतांची टरफलंसुद्धा होती, काळीभोर, टोकदार. टॅरेंटुला दातांसकट कात टाकते. घशाचं आणि पोटाचं आतलं अस्तरही टाकते. नवीचे दंत सुरुवातीला पांढरे आणि मऊ होते, म्हणूनच कात टाकल्यावरही तिला खाता येत नव्हतं. आबांना हे फार आवडलं. "दात पाडले म्हना ना," ते म्हणाले. "अशा वक्ताले बैल बी वैरन सोडते." आणि खाणं सोडल्याच्या सगळ्या निदानांत त्यांचं त्यातल्या त्यात जवळचं ठरलं, याची नोंद मला घ्यावी लागते. ना पुण्याची आठवण, ना कार्तिक, ना नजर. अंगावरचा जुना सदरा घट्ट झाला होता, एवढंच.

स्वभाव म्हणून जो कागदावर लिहिलेला असतो तो निम्मा कातीचा, भुकेचा आणि हवेचा असतो, आणि उरलेला डब्याबाहेर बसलेल्याचा. ज्याला टिचकी मारायची सवय, त्याला ती मारकी दिसली. ज्याच्या घरात भजन, त्याला वारकरी. तिने स्वतः काय ठरवलं असेल? बहुधा एवढंच, की इथली जमीन फार हलते.

सुट्टी संपली, ती डब्यातून पुण्याला गेली. या वेळी भाच्याने डब्यावर मायच्या हातचे लाडू ठेवले, म्हणजे कंडक्टरला खोटं सांगायला नको. कात आबांनी ठेवून घेतली आहे.

आता वाचकांना एक विनंती. पावसाळ्यात टॅरेंटुलाचे नर मादीच्या शोधात हिंडतात, आणि जंगलाला लागून असलेल्या वस्तीत एखादा चुकून अंगणात किंवा लाकडाच्या ढिगात येऊ शकतो. चप्पल उगारू नका आणि पाळायलाही आणू नका. रुंद तोंडाचा डबा पालथा घाला, खालून पुठ्ठा सरकवा आणि बांधापलीकडे सोडून द्या. हे करताना त्याने पुढचे पाय वर केले, तर उलटा नमस्कार करू नका. दोन पावलं मागे सरका.